उभ्या वाटेवरचं पाणी उतरवताना: डोंगरवाट दुरुस्तीच्या प्रकल्प नोंदी

काम: डोंगरावर जाणाऱ्या ६४० मीटर पायवाटेची दुरुस्ती. खालचे ४५० मीटर मध्यम उताराचे, मग १० मीटरचा खडकाळ टप्पा, वरचे १८० मीटर सरळ उभ्या उतारावर. वरच्या भागात वाटेची गुडघाभर खोल घळ झालेली. लोक घळ टाळून कडेने चालतात, त्यामुळे एका वाटेच्या तीन झाल्यात.

माणसं: १८ ते २४ वयाचे नऊ जण आणि दोन तुकडीप्रमुख. यंत्र एकही नाही, सगळं हातअवजारांवर. जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी आधीच घेतलेली. ती नसेल तर खुणेची एक खुंटीसुद्धा रोवू नये.

या नोंदी असंच काम हाती घेणाऱ्या तुकड्यांसाठी आहेत. पायऱ्या रचायला सगळे धावतात, चर साफ करायला माणूस शोधावा लागतो. पण वाट टिकते ती पाणी वेळेवर बाहेर काढल्यामुळे. म्हणून पाण्याबद्दल इथे जास्त लिहिलं आहे.

४ फेब्रुवारी: पाहणी

वाट आधी वरून खाली चाललो, मग खालून वर. दोन्ही वेळा लक्ष फक्त पाण्याच्या खुणांवर: ओघळ कुठे सुरू होतो, गाळ कुठे बसलाय, मुळं कुठे उघडी पडलीत. शक्य असेल तर पाहणी भर पावसात करावी. कोरड्या दिवशी जे तर्काने ठरवावं लागतं ते पावसात समोर दिसतं.

दर १० मीटरला क्रमांकाची खुंटी रोवली. पुढच्या सगळ्या नोंदी या खुंट्यांच्या हिशोबाने आहेत. "मोठ्या झाडापाशी" अशी नोंद महिन्याभराने कोणालाच कळत नाही.

वरच्या १८० मीटरमध्ये डोंगराचा उतार ३० टक्के (म्हणजे १०० मीटर आडव्या अंतरात ३० मीटर उंची) आणि वाटेचा २८ टक्के निघाला. इथे दुरुस्तीचा विचार सोडावा लागतो. वाटेचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडून खाली जात नाही, वाटेतूनच धावतं. अशा वाटेत कितीही दगड भरले तरी पाणी ते उपसून नेतं. वाट हलवणं हाच उपाय. ५० मीटर उंची सरासरी १० टक्क्यांनी चढायची तर ५०० मीटरची नवी वाट आणि दोन वळणं लागतील. १८० मीटरच्या जागी ५०० मीटर ऐकून तुकडीत नाराजी होती. ती चर्चा पहिल्याच दिवशी झाली ते बरं झालं.

६ फेब्रुवारी: खुणा

नव्या वाटेच्या मार्गावर झेंड्या लावल्या. पहिल्या १२० मीटरच्या झेंड्या दुसऱ्या दिवशी काढाव्या लागल्या. उतार मोजायच्या उपकरणात, क्लिनोमीटरमध्ये, दोन पट्ट्या शेजारी-शेजारी असतात, एक अंशांची आणि एक टक्क्यांची. वाचन अंशांच्या पट्टीवरून घेतलं गेलं. १० अंश म्हणजे जवळपास १८ टक्के. १० टक्के म्हणजे फक्त ५.७ अंश. झेंड्यांची ओळ डोळ्यालाच उभी वाटत होती म्हणून वेळीच लक्षात आलं. क्लिनोमीटरच्या अंशांच्या पट्टीवर आता चिकटपट्टी लावून टाकली आहे.

क्लिनोमीटर नसेल तर पारदर्शक नळीत पाणी भरून काम होतं. दोन माणसं आडव्या अंतराने ५ मीटरवर उभी करायची. नळीतल्या पाण्याची पातळी सारखी असताना दोघांच्या पायाखालच्या जमिनीत ५० सेंमी फरक आला की उतार १० टक्के. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर वाचन चुकतं, म्हणून दोन्ही टोकं शेजारी धरून आधी तपासावं.

झेंड्या लावताना दर १२ ते १५ मीटरला वाट थोडी उलट चढेल अशी ठेवली: दोन-तीन पावलं वर, मग पुन्हा खाली. या उलट्या चढाच्या तळाशी पाणी वाट सोडतं. हे आखतानाच केलं तर फुकटात होतं, नंतर खणून करायचं तर प्रत्येक जागेला दोन माणसांचा अर्धा दिवस जातो.

९ फेब्रुवारी: अवजारं

टिकाव ४, फावडी ४, पहारी ३ (दीड मीटरच्या), घण १, सुतक्या २, पुलास्की २, मॅक्लाउड २, घमेली ६, धुम्मस २, करवती २, कानस ३. पुलास्कीला एका बाजूला कुऱ्हाडीचं पातं आणि दुसऱ्या बाजूला आडवं, कुदळीसारखं पातं असतं. १९१० च्या मोठ्या वणव्यानंतर अमेरिकन वनसेवेतले एड पुलास्की यांनी ते घडवलं आणि रूढ केलं. मुळं असलेल्या जमिनीत त्याला तोड नाही. नसेल तर कुदळ आणि कुऱ्हाड अशी जोडी चालते, फक्त हात सारखा बदलावा लागतो. मॅक्लाउड म्हणजे एका बाजूला रुंद पातं आणि दुसऱ्या बाजूला जाड दात्यांचा दंताळा. शेवटचा कल देताना तो लागतो.

दोन टिकावांचे दांडे सैल होते. सैल दांडा पाण्यात भिजत ठेवायची सवय सगळीकडे दिसते. ती धोक्याची आहे. लाकूड फुगून घट्ट बसतं, वाळलं की आधीपेक्षा जास्त सैल होतं आणि हे वाळणं नेमकं काम चालू असताना होतं. टिकावाचा दांडा डोळ्यातून वरून घालतात आणि तो निमुळता असतो, त्यामुळे झोकात टिकाव घट्ट होतो. पण दांड्याचं बूड जमिनीवर आपटलं की लोखंड घसरून थेट हातावर येतं. नव्यांना हे करून दाखवावं, नुसतं सांगून भागत नाही. कोरडे पडलेले दांडे खरवडून कच्च्या जवसाच्या तेलाने पुसले.

कानस नेहमी एकाच दिशेने, पात्यावरून पुढे ढकलायची. हातात जाड मोजे. बोथट पुलास्की मुळावरून उसळतो आणि नडगीवर येतो. धार लावलेलं अवजार त्यामानाने सुरक्षित.

१० फेब्रुवारी: पहिला दिवस

अवजार घेऊन चालताना दोन माणसांत ३ मीटर अंतर. अवजार हातात, उताराकडच्या बाजूला, लोखंड पुढे. खांद्यावर कधीच नाही, कारण घसरल्यावर खांद्यावरचं अवजार टाकता येत नाही. काम करणाऱ्याच्या मागून जायचं असेल तर आवाज द्यायचा आणि त्याने अवजार जमिनीला टेकवेपर्यंत थांबायचं.

उन्हातल्या कष्टाची सवय नसलेल्या माणसाला पहिल्या दिवशी पूर्ण कामाच्या २० टक्केच वेळ उन्हात जुंपायचं, मग रोज २० टक्क्यांनी वाढवायचं. कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकेतली निऑश ही संस्था हेच सुचवते. विशीतल्या मुलांना हे पटत नाही. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या अंगात जोर असतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी महागात पडतो. पाणी दर १५ ते २० मिनिटांनी एक कप, साधारण २५० मिली. एकदम लिटरभर पिऊन दोन तास काही न पिणं चालत नाही, आणि तासाला दीड लिटरपेक्षा जास्तही नको, कारण रक्तातलं मीठ पातळ होतं. चक्कर, बडबड, चाल अडखळणं यांपैकी काहीही दिसलं तर काम थांबवून सावली, अंगावर पाणी आणि वैद्यकीय मदत. "थोडं बसू दे" इतक्यावर सोडू नये.

फोड येण्याआधी कातडी गरम लागते. त्याच वेळी चिकटपट्टी लावायची. फोड फुटल्यावर तो माणूस दोन दिवस अर्ध्याच कामाचा राहतो.

१६ फेब्रुवारी: बेंच कापणं

नव्या वाटेचं खोदकाम सुरू. बेंच म्हणजे उतारात कापून काढलेला चालायचा सपाट पट्टा. रुंदी ९० सेंमी. ३० टक्के उतारावर पूर्ण रुंदी डोंगरात कापायची तर आतल्या बाजूला साधारण २७ सेंमीचा उभा काप येतो. तो तसाच उभा न ठेवता मागे झुकवायचा, नाहीतर पहिल्या पावसात ढासळून वाटेवर येतो.

क्रम असा: आधी पालापाचोळा आणि कुजलेल्या मातीचा थर काढून वरच्या बाजूला वेगळा ठेवायचा, तो जुनी वाट बंद करताना सोन्यासारखा उपयोगी पडतो. मग टिकावाने आतली कड धरायची, फावड्याने माती उतारावर दूर फेकायची, मुळं पुलास्कीने तोडायची, शेवटी मॅक्लाउडने बाहेरचा ५ टक्के कल द्यायचा.

कल डोळ्याने देऊ नये. ६० सेंमीच्या लेव्हलपट्टीच्या बाहेरच्या टोकाखाली ३ सेंमीचा लाकडी ठोकळा ठेवायचा. बुडबुडा मध्यावर आला की कल बरोबर ५ टक्के. प्रत्येक जोडीला एक ठोकळा दिला. त्याआधी केलेल्या भागात कल कुठे शून्य होता, तर कुठे १२ टक्के. १२ टक्के कलावर ओल्या मातीत पाय बाहेर सरकतो.

माती "दूर फेका" म्हणजे खरंच दूर. ती काठावर पडली तर बाहेरच्या कडेला वरंबा तयार होतो आणि पाणी वाटेतच अडकून धावतं. मग सगळ्या कलाचा उपयोग शून्य.

वेग: मुरमात आणि मुळांत एका माणसाचे दिवसाला साधारण ५ मीटर.

२० फेब्रुवारी: खालच्या भागातले बार

तिघं जण खालच्या ४५० मीटरवर. उतार ८ ते १३ टक्के, म्हणजे वाट हलवायची गरज नाही, पाणी उतरवायची आहे. १४ ठिकाणी वॉटर बार बसवले. वॉटर बार म्हणजे वाटेत तिरकी रोवलेली दगडांची ओळ, जी वरून येणारं पाणी अडवून कडेला वळवते. दगड उंचीच्या दोन तृतीयांश जमिनीत, एकमेकांवर थोडे चढलेले, दोन्ही बाजूंना वाटेच्या बाहेर ३० सेंमी गेलेले.

२५ फेब्रुवारी: पाऊस

दुपारी तासाभराची जोरदार सर. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ जात होता, म्हणून उघड्या उतारावरून सगळे खाली. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबून पुन्हा वर. या सरीने जे शिकवलं ते कोरड्या दिवसांत कळलं नसतं.

१४ पैकी ९ बार गाळाने भरले आणि पाणी वरून उडी मारून गेलं. मोजल्यावर दिसलं की भरलेले सगळे बार वाटेला जवळपास आडवे होते, ७० ते ८० अंशांत. आडव्या बारापाशी पाणी थबकतं, थबकलं की गाळ टाकतं, गाळ भरला की बार संपला. टिकलेले पाचही ४५ ते ५५ अंशांत होते. तिथे पाणी वेग न सोडता वळतं आणि गाळ आपल्याबरोबर घेऊन जातं.

दुसरं कारण बाहेर पडायच्या तोंडाचं. ३० सेंमीच्या तोंडात चार पानं आणि एक काटकी अडकली की ते बंद. तिसरं, दोन ठिकाणी लोक बाराला वळसा घालून गेले होते आणि त्या पावलांच्या खोलगटातून पाण्याने नवी वाट धरली होती.

वरच्या भागात आणखी एक नुकसान. नव्या वाटेच्या २४० ते ३०० या ६० मीटरमध्ये वेळ वाचवण्यासाठी अर्धी रुंदी डोंगरात कापून उरलेली अर्धी त्याच मातीने भरून काढली होती. भरावात मुळं आणि पाला गेला होता, माती थरांनी ठोकलेली नव्हती. बाहेरची अर्धी बाजू जागोजागी एक वीत खचली. अर्ध्या कापाने वाचलेला वेळ साधारण ६ मनुष्यदिवस. दुरुस्तीला गेले २४. पूर्ण रुंदी मूळ जमिनीतच कापावी. भराव टाळताच येत नसेल तर खाली दगडी भिंत हवी.

३ मार्च: दुरुस्ती

नऊ बारांपैकी सहा काढूनच टाकले. त्या जागी उतार १२ टक्क्यांच्या आत आहे, तिथे दगडाऐवजी मातीची लांब डिप जास्त चालते: ३ मीटर लांबीत वाट बाहेरच्या बाजूला खोलवत न्यायची, मध्यावर कल १५ टक्क्यांपर्यंत, निघालेली माती लगेच खाली ४ मीटरच्या सौम्य चढात थरांनी ठोकायची. १० सेंमीचा थर, धुम्मसाने ठोकणं, मग पुढचा थर. चालणाऱ्याला ती जाणवतही नाही, म्हणून कोणी वळसा घालत नाही. गाळ आला तरी पसरतो, तुंबत नाही.

उरलेले तीन बार १३ टक्क्यांच्या तुकड्यात होते, ते ४५ अंशांत पुन्हा बसवले. तोंड ६० सेंमी रुंद, पुढे दीड मीटर लांब चर, चराच्या शेवटी दगडांचा विखुरलेला थर. पाणी उतारावर पडतं तिथे हा थर नसेल तर नवी घळ तिथून सुरू होते. वळसा टाळण्यासाठी बाराच्या वरच्या टोकाला दोन मोठे दगड पुरले.

दगड तपासायची रीत: बारावर उभं राहून दोन्ही पायांवर वजन आलटून-पालटून टाकायचं. जरासा हलला तरी काढून पुन्हा बसवायचा. आज थोडा हलणारा दगड वर्षभरात सुटतो.

६ मार्च: पायऱ्यांचे दगड

१० मीटरच्या खडकाळ टप्प्यात वाट हलवायला जागा नाही. आडवं अंतर साडेनऊ मीटर, उंची साडेचार. १८ सेंमी उंचीच्या २५ पायऱ्या, प्रत्येकीवर ३८ सेंमी पाऊल.

वरची पायरी खालच्या पायरीच्या पाठीवर ७ सेंमी टेकवायची, म्हणजे दगड ४५ सेंमी खोल आणि १८ सेंमी जाड हवा. ६० सेंमी रुंदीचा असा दगड ०.०४९ घनमीटर भरतो. घनमीटरला २.६५ टन धरले तर जवळपास १३० किलो. हा आकडा तुकडीसमोर फळीवर लिहून ठेवला, कारण डोळ्याला तो दगड "दोघांत उचलू" असाच वाटतो. तो उचलायचा नाहीच. पहारीने सरकवायचा, पाचर ठेवायची, पुन्हा सरकवायचा. सपाटीवर चौघांची दोरीची झोळी. दगड हलत असताना उताराच्या बाजूला एकही माणूस नको, आणि दगड सुटला तर तो सोडून द्यायचा. थांबवायला हात घालायचा नाही. बोटं चेंगरतात ती बहुतेक वेळा दगड जागेवर बसवताना, शेवटच्या दोन इंचांत; तिथे हात न घालता पहारच वापरावी.

दगड वाटेच्या वरच्या बाजूने आणले, म्हणजे उतार आपल्या कामाला येतो. ओढ्यातले गोटे घेतले नाहीत: गोल दगड बसत नाही आणि ओढ्याचा तळ उघडा पडतो. अर्धे पुरलेले दगडही उकरू नयेत. उकरलेली जागा पुढच्या पावसात ओघळाचं तोंड होते.

१२ मार्च: रचाई

पहिल्या आठ पायऱ्या उतरवून पुन्हा रचल्या. दगडांमागे मातीचं भरण केलं होतं. माती ओली झाली की मऊ होते, दगड मागे झुकतो, पायरीवर पाणी साचतं. भरण फक्त फोडलेल्या दगडाचं, मुठीएवढ्यापासून खडीपर्यंत, पहारीच्या टोकाने कोंबून. पायरीला पुढे हलका कल, जेमतेम २ टक्के.

सर्वांत खालचा दगड पूर्ण जमिनीत. तो दिसत नाही, म्हणून त्यावर कोणी वेळ घालवायला तयार नसतं. त्यावर अख्खा जिना उभा असतो. बहुतेक पायऱ्यांना दोन दगड लागले. सांधे एकाखाली एक येऊ दिले नाहीत.

या टप्प्यासाठी कोरड्या रचाईचा (चुना-सिमेंटशिवाय दगड रचण्याचा) अनुभव असलेले एक वयस्क गवंडी बोलावले, आणि ते पहिल्या दिवसापासूनच बोलवायला हवे होते असं या कामाचा वेग पाहून वाटतं. त्यांच्या आधी दिवसाला एक पायरी होत होती, नंतर अडीच ते तीन. ते दगड उलटापालटा करत बसत नाहीत. आधी जागा मोजतात, मग ढिगाऱ्याकडे जाऊन एकच दगड निवडतात. अमेरिकेत १९३३ ते १९४२ या काळात सिव्हिलियन कन्झर्वेशन कोअरने सुमारे ३० लाख तरुणांना जंगल आणि मातीच्या कामाला लावलं. त्या शिबिरांत हाताला कसब नसलेल्या मुलांबरोबर परिसरातले अनुभवी कारागीर मुद्दाम नेमलेले असत. त्यांनी रचलेल्या पायऱ्या आणि भिंती तिथल्या उद्यानांत आजही वापरात आहेत. तरुण तुकडीला ताकद पुरवावी लागत नाही, नजर पुरवावी लागते.

पायऱ्यांच्या दोन्ही कडांना गुडघ्याएवढे ओबडधोबड दगड पुरले. नाहीतर लोक पायऱ्या सोडून कडेच्या मातीवरून उतरतात आणि जिन्याशेजारी नवी घळ होते. वरच्या पायरीच्या आधी ३ मीटरवर एक बार घातला. जिन्यावर पाणी येऊच द्यायचं नाही.

१६ मार्च: तुकडीत बदल

तिघं गेले, तिघं नवे आले. नव्यांसाठी उन्हाची चढती पायरी पुन्हा २० टक्क्यांपासून, जुन्यांचा वेग कितीही असो. प्रत्येक नव्याला आठवडाभर एका जुन्याशी जोडलं. पहिलं काम बारांची तोंडं साफ करण्याचं दिलं. पाणी कुठून कुठे जातं हे त्यातून सगळ्यात लवकर समजतं.

मुक्कामाची जागा पुन्हा तपासली: शौचाचे खड्डे पाण्यापासून ६० मीटर दूर, १५ ते २० सेंमी खोल. एक खड्डा ओढ्याच्या फार जवळ गेला होता, तो बुजवून जागा बदलली.

२० मार्च: जुनी वाट बंद करणं

घळीत दगडी अडसर घातले. अंतराचा नियम सोपा: खालच्या अडसराचा माथा आणि वरच्याचा पाया एका पातळीत. ४५ सेंमी उंचीचा अडसर आणि २८ टक्के उतार म्हणजे दर १.६ मीटरला एक. १८० मीटरसाठी ११० च्या वर झाले असते. तेवढे दगड नाहीत आणि दिवसही नाहीत. म्हणून सर्वांत खोल ४० मीटरमध्येच दगडाचे २५ घातले, बाकी घळीत फांद्यांच्या मोळ्या आडव्या टाकून खुंट्यांनी पक्क्या केल्या. अडसर कमी करून अंतर वाढवणं मात्र चालत नाही. मधली जागा खणली जाते आणि वरचा अडसर पायातून सुटतो.

अडसराचा मधला भाग कडांपेक्षा १५ सेंमी खाली ठेवला. मध्य उंच राहिला की पाणी कडेने घुसतं आणि अडसर बेटासारखा उरतो. सुरुवातीच्या तीन अडसरांची एक बालदी पाणी ओतून चाचणी घेतली तेव्हा हेच दिसलं. दोन्ही बाजूंना ३० सेंमी आत खाच, पाणी पडतं तिथे खाली सपाट दगड.

दाबून दगडासारखी झालेली जुन्या वाटेची जमीन टिकावाने १५ सेंमी उकरली, त्यावर बाजूला ठेवलेला पाला-मातीचा थर पसरला. न उकरता पसरला तर बी रुजत नाही, पावसात सगळं वाहून जातं. वाट बंद करण्यापूर्वी बूट आणि अवजारं घासून घेतली. बाहेरून आलेल्या तणांचं बी चिखलातूनच पसरतं.

२४ मार्च: लोक जुन्याच वाटेने

चार दिवसांत फांद्या बाजूला सारून लोक जुन्या वाटेने गेले. पाटी होती, पण जिथून जुनी वाट उघडी दिसते तिथून माणूस पाटी वाचत नाही. नजर जाईल तितका भाग झाकला पाहिजे. दोन्ही टोकांपासून पहिले २० मीटर वाळक्या फांद्या उभ्या रोवल्या, बुंधे आडवे टाकले. पलीकडच्या भागात तेवढी दाटी लागत नाही.

दोन वळणांवरही तेच. वळणाचे दोन्ही हात एकमेकांना दिसत होते, म्हणून पायवाट आडवी पडली. मध्ये मोठे दगड आणि काटेरी फांद्या. वळणासाठी जागा निवडतानाच मध्ये झुडूप किंवा कातळ असेल अशी घ्यावी. आमच्या दुसऱ्या वळणाची जागा तशी निघाली नाही, तिथे हा त्रास पुढेही होणार.

२७ मार्च: हिशोब

मनुष्यदिवस: पाहणी आणि खुणा १० (त्यातले ४ अंश-टक्क्यांच्या गोंधळात), नवी वाट १४० (२४ खचलेल्या भरावावर, १६ वळणांच्या भिंतींवर), बार आणि डिप ३६ (१२ पुन्हा करण्यात), पायऱ्या ६६, जुनी वाट बंद करणं ४८, अवजारं आणि पावसाने थांबलेलं काम १५. एकूण ३१५. मोडलं ते: टिकावाचे ३ दांडे, फावड्याचा १, एक कानस. मोज्यांच्या जोड्या अंदाजाच्या दुप्पट लागल्या. दगडकामात चामड्याचा मोजा दोन आठवड्यांत बोटांशी फाटतो.

पुन्हा अंदाज करायचा झाला तर पायऱ्यांचा वेळ दुप्पट धरावा, आणि एकूण दिवसांचा दहावा भाग पहिल्या मोठ्या सरीनंतरच्या दुरुस्तीसाठी मोकळा ठेवावा.

२१ जून: मोठ्या पावसानंतरची तपासणी

सलग चार दिवसांच्या पावसानंतर पाहणी. सहाही डिप चालू. खालच्या भागातल्या आठ बारांपैकी सात चालू, १७० मीटरवरचा अर्धा भरलाय. त्याच्या वर कडेची माती ढासळते आहे, तो काप आणखी मागे झुकवायला हवा. पायऱ्यांत हललेला दगड नाही. जुन्या घळीतले २५ पैकी २२ अडसर गाळाने माथ्यापर्यंत भरलेत, म्हणजे काम झालं. ते उपसू नयेत. दोन ठिकाणी पाणी कडेने गेलंय. खाच वाढवून मध्यभाग आणखी ५ सेंमी उतरवायचा. एकाचा खालचा सपाट दगड निसटलाय.

नव्या वाटेवर ३१० ते ३४० मीटरमध्ये बाहेरच्या कडेला वरंबा उठू लागलाय. चालणाऱ्यांच्या पावलांनी मध्य दबतो आणि कड वर राहते, त्यामुळे हे होणारच. दोन माणसं, एक फावडं, एक मॅक्लाउड, अर्धा दिवस. पुढच्या तुकडीने पहिलं काम हे घ्यावं. त्यानंतर १७० चा काप, त्यानंतर सगळ्या बारांची तोंडं. दुसऱ्या वळणावरची आडवी पायवाट पुन्हा पडली आहे. तिथे आणखी फांद्या टाकून उपयोग नाही, छातीएवढा कातळ खाली आणावा लागेल. तसा एक नव्या वाटेवर ४२० मीटरच्या खुंटीच्या वर, उजव्या हाताला सुटा पडलेला आहे.